ड्रायव्हरचं ताट

"अंधारात जेवायला मी काय घुबड हाय व्हय गं?"

"मग उजेडात जेवून तरी काय दिसलं तुमाला एवढ्या वर्सांत? त्या दादासोच्या आमटीत डाळ हाय का न्हाई, एवढं बी दिसलं न्हाई!"

"त्याच्या आमटीला नावं ठिवू नगंस लक्ष्मे. सातारा ते सांगली तसली आमटी न्हाई."

"न्हाईच. तसली करायचं कुणाचं धाडसच हुईत न्हाई."

हे आमचे अप्पा आणि ही आमची आई. यल्लाप्पा आणि लक्ष्मीबाई. अप्पा एस.टी.त ड्रायव्हर, आई कोरेगावच्या सरकारी दवाखान्यात आया. भांडणाचा विषय होता, अक्षताअक्काच्या होणाऱ्या सासरच्यांना कुठल्या हॉटेलात जेवायला घालायचं. आई म्हणत होती, कराडातल्या एसी हॉटेलात. अप्पा म्हणत होते, कराडच्या अलीकडं हायवेला लागून दादासोचं हॉटेल आहे, तिथं. अक्का म्हणत होती, कुठंही न्या, पण तिथं भांडू नका. तिच्याकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.

आता पाहुण्यांना घर सोडून हॉटेलात न्यायची वेळ का आली, ते सांगते. मुलगा राजरत्न, सांगलीचा, टेलिफोन खात्यात. हा जावई झाला की अर्ज न करता घरात फोन येणार, असं गृहीत धरून आमच्या आळीनं मुलगा न बघताच पसंत करून टाकला होता. राजरत्न आणि त्याचे वडील आकाराम येऊन अक्काला बघून गेले, दोघांनाही ती आवडली. राहिल्या फक्त सुलाबाई, मुलाची आई. त्यांचे गुडघे धरलेले, कोरेगावपर्यंतची गाडी त्यांना झेपत नव्हती. आणि मुलीकडच्यांनी, काही ठरायच्या आधीच, मुलाच्या घरी जाऊन जेवणं आमच्यात बरं दिसत नाही. म्हणून निम्म्या वाटेत भेटायचं ठरलं. सुलाबाईंनी निरोपही धाडला होता. "मुलगी दोघांनी बघितलीया, मी काय परत बघणार? मी आपलं माणसं पाव्हण्याला काय वाढत्यात ते बघते. त्याच्यावरनं घर कळतं. मग व्हय का न्हाई ते सांगते."

त्या निरोपाने घरातली झोप उडाली. अक्काला राजरत्न मनापासून आवडला होता आणि तिचं लग्न आता एका ताटावर येऊन थांबलं होतं.

हॉटेलांबद्दल आईची मतं ठाम असत. दवाखान्याच्या कामानं तिला साताऱ्याला, कधी कराडला जावं लागे आणि गेली की ती बाहेर जेवून येई, तेही एकटी. त्या काळात बाईमाणूस एकटं हॉटेलात बसलं की आजूबाजूची चार टेबलं जेवायची थांबायची. आई त्यांच्याकडं बघून म्हणायची, "गार हुईल, खावा." आणि आपण वेटरला हाक मारायची.

"स्टँडावरची भजी उभ्यानं खावीत," ती सांगे. "बसलं की त्याल दिसतं." मिसळीबद्दल तिचं मत होतं, की नाकातनं पाणी आलं तर मिसळ खरी, डोळ्यांतनं आलं तर मालकाला शिव्या द्याव्यात. खानावळीचं तर तिनं शास्त्रच केलेलं. "बाई वाढत असंल तर बसावं. बाई आत आन नवरा वाढत असंल तर माघारी फिरावं. ती त्याच्यावर रागावलेली असती, आन त्यो राग आमटीत उतरलेला असतूय."

थोरामोठ्यांच्या हॉटेलात ती एकदाच गेली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांची बदली झाली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना कराडातल्या एसी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये नेलं. आल्यावर दोन दिवस आई तेच सांगत होती.

"आत गेलं तर दिवं बारीक. मला वाटलं लाईट गेलीया. म्हटलं, येऊ दे, मग जेवू. तर तितं तसंच जेवायचं असतंय म्हणं! काय खाल्लं ते सकाळी पोटाला कळलं. आन पनीर, पनीर, नुसतं पनीर! पांढऱ्या रश्श्यात पनीर, लाल रश्श्यात पनीर, हिरव्यात पनीर. एकच पोरगी साडी बदलून बदलून पाव्हण्यापुढं आणल्यागत."

"आन तरी तुला तितंच जायचंय," अप्पा म्हणाले.

"तरी तितंच. गारव्यात माणूस भांडत न्हाई. आन ग्लास निम्मा झाला की वेटर न सांगता पाणी ओततूया. सुलाबाईस्नी काय बघायचंय? वाढणं. मग बघू दे की!"

अप्पांची मतं याच्या अगदी उलटी, आणि आवाज मात्र दुप्पट. "ज्या हॉटेलात हातात कार्ड देत्यात तितं जाऊ नये. भूक लागल्यावर वाचायचं कसलं? जेवाण हाय का पेपर हाय?" किंवा, "मालक बारीक असंल तितं गाडी थांबवू नये. त्यो सोता खाईत न्हाई ते तुमाला काय घालणार?" एसी हॉटेलातलं अन्न त्यांच्या मते गारव्यानं मेलेलं. टेबलावर फूल ठेवतात ते वास झाकायला. आणि या सगळ्याचा शेवट एकाच वाक्यावर व्हायचा. "खायचं तर दादासोकडं!"

दादासोचं हॉटेल म्हणजे पत्र्याचा लांबलचक मांडव. सातारा-सांगली गाडी घेऊन अप्पा निघाले की गाडी चहापाण्याला तिथं थांबायची. प्रवासी मांडवात जायचे आणि ड्रायव्हर-कंडक्टर मागच्या बाजूला, पडद्याआडच्या खोलीत. तिथं अप्पांचं ताट तयार असायचं. तव्यावरची भाकरी, मटणाचा रस्सा नाहीतर घट्ट आमटी, फोडलेला कांदा, वर वाटीभर साईचं दही. बुधवारी अंडी. अप्पांना ते ताट कधी मागावं लागलं नाही. ते खुर्चीवर बसायचे आणि ताट यायचं. इतक्या वर्षांत अप्पांनी कुठल्याच हॉटेलात तोंड उघडून काही मागवलेलं नव्हतं. ते सुट्टीच्या दिवशी घरीही तसेच बसायचे. आई म्हणायची, "डबल बेल दिऊ का आता? तवा उठशीला?"

त्या खोलीचं अप्पांना एवढं का वाटायचं, हे आम्हाला पाठ होतं. आमचे आजोबा कुंडलचे. गवंड्याच्या हाताखाली राबले, आणि गावातल्या हॉटेलातला चहा त्यांनी जन्मभर बाहेर उभं राहून प्यायला. अप्पा खाकी घालून पहिल्यांदा या रस्त्याला गाडी घेऊन आले, तेव्हा दादासोचे वडील गल्ल्यावरून उठून आले होते. "या ड्रायव्हरसाहेब, आत बसा." त्या दिवशी ताटात काय होतं ते अप्पा कधी सांगत नाहीत. पण 'आत बसा' हे शब्द ते त्या म्हाताऱ्याचा आवाज काढून सांगतात.

"तुमचं ताट येगळं असतंय," आईनं शेवटचा प्रयत्न केला. "मी एकदा तुमच्याच गाडीनं आले, तितं बाहेर वडा खाल्ला. दोन दीस घसा धरला हुता."

"वडा कशाला खायचा? जेवायचं! एकाच चुलीवरचं असतंय सगळं. मला येगळी चूल मांडलीया व्हय त्यानं?"

"पाशिंजर नावं ठिवत न्हाईत?"

"पाशिंजर कशाला नावं ठिवत न्हाईत? मी गाडी हळू चालवली तरी ठिवत्यात, जोरात चालवली तरी ठिवत्यात!"

ठरलं, दादासोकडंच.

रविवारी आम्ही निघालो. अप्पांनी पांढराशुभ्र शर्ट घातला होता, इस्त्रीच्या घड्यांसकट. खाकीशिवाय ते मला जरा लहान वाटले. हायवेला उतरलो तर सांगलीची मंडळी आधीच येऊन मांडवात बसली होती.

"जयभीम, पाव्हणं!"

"जयभीम, जयभीम. बसा, बसा."

सुलाबाई ठसठशीत बाई. गुडघा बाकावर लांब करून बसल्या होत्या. त्यांनी अक्काला जवळ बोलावलं, पाठीवरून हात फिरवला आणि लगेच टेबलाकडं बघायला लागल्या. टेबलावर आधीच्या कुणाच्या तरी आमटीचा ओघळ वाळला होता. राजरत्न अक्काकडं बघत होता, अक्का ओघळाकडं.

अप्पा खुशीत हात चोळत बसले. आम्ही बसलो. आणि बसूनच राहिलो.

बराच वेळ गेला. आकारामकाका म्हणाले, "पाव्हणं, कुणी यायचं राहिलंय का अजून?"

"न्हाई न्हाई. ताटं यायची राह्यल्यात."

"सांगितल्यात का?"

"सांगायचं काय? यील की."

आईनं कपाळाला हात लावला. एक वेटर खांद्यावर फडकं टाकून समोरून चालला होता, तिनं त्याला हाक मारली. तो न थांबता म्हणाला, "टोकन घ्या आधी गल्ल्यावर. टोकन आणल्याबिगर ताट न्हाई."

"कसलं टोकन?" अप्पांनी आम्हाला विचारलं. खरंच विचारलं. मी उठून टोकनं घेऊन आले. गल्ल्यावर दादासो पान लावत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, आमच्या टेबलाकडंही नाही.

ताटं आली. मध्ये भाताचा डोंगर, वाटीत आमटी, कडेला सादळलेला पापड. आईनं वाटी जराशी कलती केली, तर तळ दिसला. भाजी कसली ते कळायला मार्ग नव्हता, राजरत्ननं चावून बघून "बटाटा" असं जाहीर केलं. पुरी अक्काच्या दोन्ही हातांना तुटेना. सुलाबाई शांतपणे एकेक घास खात होत्या. आकारामकाका म्हणाले, "बरं हाय." सांगलीच्या माणसानं बरं हाय म्हटलं की समजायचं, की दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

अप्पांनी आमटी भुरकली. थांबले. पुन्हा भुरकली. मग भात कालवला, घास तोंडात ठेवला आणि चावायचं विसरून गेले. आई मान खाली घालून जेवत होती. तिच्या गालात हसू मावत नव्हतं, पण अक्काचं पडलेलं तोंड बघितलं आणि ते तिथंच विरलं.

तेवढ्यात धुरळा उडवत सांगलीकडं जाणारी एस.टी. येऊन थांबली. कंडक्टर ओरडला, "धा मिन्टं! धाच मिन्टं!" मांडवात झुंबड उडाली. वेटर आमच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "आटपा जरा लवकर. गाडी आलीया."

गाडीचे ड्रायव्हर आणि कंडक्टर मात्र गर्दीत शिरले नाहीत. ते मागच्या बाजूनं पडद्याआड गेले. आणि मग आमच्या डोक्यावरून, वेटरच्या उंच धरलेल्या हातात, दोन ताटं निघाली. वाफाळणारी भाकरी आणि मटणाचा रस्सा. तो वास आमच्या टेबलावरून गेला आणि सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वळल्या.

सुलाबाई पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या. "ए दादा, ते काय हाय? आमाला बी तेच आण की."

"ते विकायचं न्हाई, मावशी."

"विकायचं न्हाई म्हंजे?"

"ते डायव्हर-कंडक्टरचं."

तो पडद्याआड गेला. सुलाबाईंनी हळूच अप्पांकडं तोंड वळवलं. त्या चिडल्या नव्हत्या, पण त्यांना उत्तर हवं होतं.

"पाव्हणं, एक इचारू का? ह्या रस्त्याला एवढी हॉटेलं. तुमी रोजचं जाणारं-येणारं. मग आमाला खायाला घालाय हेच कसं निवडलासा?"

अक्कानं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. अप्पांना सांगता आलं असतं, की आज काहीतरी बिघडलंय, रविवार आहे, आचारी रजेवर आहे. आई तर तोंड उघडूनच बसली होती, सावरायला.

अप्पा म्हणाले, "मी हितलं कवा खाल्लंच न्हाई, ताई."

"आँ?"

"म्हंजे... मी आत जेवतो. त्या पडद्याआड. मला वाटायचं, तेच बाहेर." त्यांनी आमटीच्या वाटीकडं बोट केलं. "ही आज पैल्यांदाच बघतोय."

आकारामकाका असे हसले, की त्यांच्या हातातला पापड मोडला. तो पापड त्या दिवशी पहिल्यांदाच मोडत होता. राजरत्न हसला, अक्का हसावं की रडावं अशा तोंडानं बसली. सुलाबाई मात्र अप्पांकडं बघत राहिल्या.

त्या हसण्यानं दादासोंची मान वर झाली. त्यांनी डोळे बारीक केले आणि गल्ला सोडून तुरुतुरु आले.

"आवं ड्रायव्हरसाहेब! तुमी? खाकी न्हाई म्हणून वळखलंच न्हाई बघा! आन हितं कशाला बसलाय? चला, चला, आत चला. ताट लावतो."

"ह्ये माझं पाव्हणं," अप्पा म्हणाले. "पोरीचं जमवायला आलोय. ह्यास्नी बी वाढा त्यातलंच."

दादासोंचं हसू तसंच राहिलं, पण आवाज खाली आला. "सायेब, एवढ्यास्नी कसं हुईल? ते घरात केलेलं असतंय. बायको करती, तुमच्यापुरतं. तुमी चला, पाव्हण्यास्नी मी येक-येक लिंबू जास्त देतो."

"मग ह्ये काय हाय?" अप्पांनी ताटाला बोट लावलं.

"ह्ये गाडीचं हाय," दादासो म्हणाले. त्यांना यात वाईट काहीच वाटत नव्हतं. "धा मिन्टांत एवढी माणसं खाऊन जायची, परत कोण येतंय? उद्या दुसरी माणसं येत्यात. पण तुमी येताय, तर माणसं येत्यात. मग तुमाला चांगलं नको का वाढाय? बाबांनी बी तेच सांगितलंवतं. ड्रायव्हरला कवा शिळं वाढू नगंस."

अप्पा दादासोंकडं बघत राहिले. त्यांच्या डोक्यात त्या म्हाताऱ्याचा आवाज चालू असणार, हे मला दिसत होतं, आणि तो आवाज आता त्यांना कसा ऐकू येत होता, ते मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

सुलाबाईंनी ताट पुढं सारलं. गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या. अक्काचा चेहरा पांढरा पडला.

"झालं व्हय, ताई?" आई घाईनं म्हणाली. "जरा बसा तरी... आवं, दही मागवते..."

"दही नको आन लिंबू बी नको. मला भूक लागलीया." सुलाबाईंनी अक्काचा खांदा धरून तोल सावरला आणि तो हात तिथंच राहू दिला. "कराडात कुटंतरी जेवू. पण ह्यास्नी इचारायचं न्हाई." अप्पांकडं हात केला. "तुमीच सांगा यीनबाई, कुटं जायचं ते. तुमी बाहेर बसून जेवलेल्या दिसताय."

आपल्याला विहीण म्हटलेलं ऐकलं आणि आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ती लक्ष्मीबाई होती. पदरानं डोळे पुसता पुसताच तिचं सुरू झालं, "येक एसी हाय स्टँडाजवळ, पण तितं दिवं बारीक. आन पनीर सोडून काय बी मागवा. न्हाईतर येक खानावळ हाय, बाई सोता वाढती..."

"बाई वाढती? मग तितंच."

बाहेर कंडक्टरनं बेल ओढली. तीच गाडी कराडवरून जाणार होती. राजरत्ननं सुलाबाईंना आधार देत पायरी उतरवली, दुसऱ्या बाजूनं अक्का. आकारामकाका अजून हसतच होते, "लिंबू जास्त!" म्हणत. मी मागं राहिले, कारण अप्पा गल्ल्यापाशी थांबले होते.

दादासोंनी परत गल्ल्यावर बसून बडीशेपेची वाटी पुढं केली. अप्पांनी सवयीनं चिमूट उचलली.

"रागावला न्हाई नव्हं, साहेब? धंदा हाय. तुमचं आमचं काय ते येगळं." दादासो गल्ल्यावरून वाकले. "मंगळवारची सांगली तुमचीच नव्हं? गाडी हितंच घ्या. मटाण ठिवतो. घ्याल नव्हं?"

अप्पांनी चिमूट वाटीत परत टाकली. शर्टाला हात पुसला, अगदी सावकाश, आणि पायरी उतरून गाडीकडं चालायला लागले.